तीन रायफली

शनिवारी सकाळी अवधूत येणार होता आणि कमलाकर निकमला त्याला येऊ नकोस म्हणायचं होतं. सर्दी झालीय, पाहुणे आलेत, काहीही चाललं असतं. पण त्यासाठी फोन उचलायला हवा होता, आणि अलीकडे फोनकडे नुसतं बघितलं तरी त्याचा हात जड होई. तेवढ्यात दारात गाडी वाजली आणि वीणानं खालून हाक मारली, "अहो, आला बघा तो."

अवधूतला पाठवलं होतं कमलाकरच्या मुलीनं. देविका ब्रिस्टलला विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत होती, आणि पुण्याहून आलेला हा अवधूत तिच्याच टीममध्ये. एका इंग्रज मित्राबरोबर दोन-चारदा हरणाच्या शिकारीला जाऊन आला, आणि त्याला ते वेड लागलं. आता स्वतःचं बंदुकीचं सर्टिफिकेट काढायचं, स्वतःच्या रायफली घ्यायच्या म्हणून तो इंटरनेटवर रात्रंदिवस वाचत होता आणि वाचून वाचून पार गोंधळला होता. देविका फोनवर बापाला म्हणाली होती, "बाबा, तू त्याला सगळा माहिती दे ना. तुझ्यासारखा कोणी नाही सांगणार." इथंच जन्मली, वाढली, तिच्या मराठीत माहिती पुल्लिंगी होऊन जाई. एरवी कमलाकरनं तिला हसत दुरुस्त केलं असतं. त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणाला.

कमलाकर मूळचा तासगावचा. मिरजेला डॉक्टर झाला आणि ऐन तरुणपणी वेल्समध्ये आला. कार्डिफच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यानं जन्मभर भूल दिली. भूल देणाऱ्याचं काम असं, की पेशंट शुद्धीवर येतो तेव्हा सर्जनचं नाव घेतो. भूल कुणी दिली ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. कमलाकरला त्याची कधी खंत वाटली नाही, पण बिनखिडकीच्या खोलीत उभं राहून सबंध दिवस मॉनिटरचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला मोकळं आभाळ कुठंतरी लागतंच. ते त्याला सापडलं एमरिसच्या डोंगरावर.

एमरिस हा ब्रेकन गावाच्या अलीकडचा मेंढपाळ शेतकरी. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आला होता. भूल द्यायच्या आधी गप्पा मारताना कमलाकर बोलून गेला की कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवायचो, नेम बरा होता. गुडघा बरा झाल्यावर म्हातारा शब्द लक्षात ठेवून घरी बोलवायला आला. त्याच्या कुरणात सशांनी बिळं करकरून चाळण केली होती. मेंढ्यांचे पाय त्यात अडकत. तिथून सुरुवात झाली. पहिली रायफल सशांसाठी, पॉइंट टू-टू, चेक बनावटीची, हलकी, आवाज टाळी वाजवल्याइतका. मग एमरिसच्या खालच्या रानात हरणं वाढली, नवी लावलेली झाडं सोलून खाऊ लागली, तेव्हा दुसरी आली, टू-फोर-थ्री. कोल्हा असो की लहान हरीण, दोन्हीला चालणारी. आणि पुढं बऱ्याच वर्षांनी, दर शरदात स्कॉटलंडला मोठी तांबडी हरणं मारायला जायचं ठरलं तेव्हा तिसरी, थ्री-ओ-एट.

बस. त्यानंतर त्यानं एकही घेतली नाही. शिकारीच्या क्लबात ज्याच्या-त्याच्याकडे आठ-आठ, दहा-दहा बंदुका. कुणी दर वर्षी एक विकून दुसरी आणी. कमलाकर म्हणायचा, तीन पुरे. प्रत्येकीला आपलं एक काम असावं आणि दुसरीच्या कामात तिनं नाक खुपसू नये. वीणा यावर म्हणायची, "म्हणजे माझी कढई, पातेलं आणि तवा. तीन तवे घेऊन कोण बसतं?" या निवडीचा त्याला अभिमान होता. त्यासाठी त्यानं वर्षं घालवली होती. दुसऱ्यांच्या रायफली उसन्या घेऊन, पावसात भिजून, खांद्याला कुठली बसते आणि कुठली बसत नाही ते पाहून. त्याच्याकडे माणसं सल्ला विचारायला येत. हॉस्पिटलात इतकी वर्षं काढली, पण "डॉक्टर निकमना विचार" हे वाक्य त्यानं जास्त ऐकलं ते डोंगरावर.

आणखी एक गोष्ट होती, ती तो कुणाला बोलून दाखवत नसे. या देशात बंदुकीचं सर्टिफिकेट असं सहज मिळत नाही. पोलीस घरी येतात, कपाट बघतात, तुमच्या डॉक्टरला विचारतात, ओळखीच्यांना विचारतात, हा माणूस कसा आहे म्हणून. तो कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा कमलाकर बराच वेळ तो न्याहाळत बसला होता. राहतो त्या लहानशा गावात आपण एकटेच काळे. मागे कुणी काय बोलत असेल ते असो. पण सरकारनं आपल्याला आतून-बाहेरून तपासून लिहून दिलंय की हा माणूस भरवशाचा आहे. पासपोर्ट मिळाला तेव्हासुद्धा त्याला इतकं इथलं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी तो रिटायर झाला. समारंभ झाला, केक झाला. उन्हाळाही बरा गेला. मग कुठंतरी, कधी ते सांगता येणार नाही, त्याच्या आतला दिवा मंद होत गेला.

कारण सापडत नव्हतं, हा सगळ्यात वाईट भाग. घरात कुणी गेलं नव्हतं, आजार नव्हता, मुलगी सुखात होती, वीणाशी भांडण नव्हतं. तो स्वतःशीच वकिलासारखा वाद घाली: तुला झालंय काय? जेवण मातीसारखं लागे. पेपर उघडावा तर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाई. एमरिस दोनदा घरी येऊन गेला, तर कमलाकर बाथरूममध्ये जाऊन बसला आणि वीणाला सांगायला लावलं की झोपलेत. डोंगरावर जाऊन किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. तो डॉक्टर होता. या आजाराचं नाव त्याला येत होतं. दुसऱ्या कुणाला झालं असतं तर त्यानं दंडाला धरून दवाखान्यात नेलं असतं.

पण आपल्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, जाऊन हे सांगणं म्हणजे काय, हेही त्याला ठाऊक होतं. बंदुकीचं सर्टिफिकेट असलेल्या माणसाच्या केस-पेपरवर खूण असते. डिप्रेशन म्हटलं की दवाखान्यातून पोलिसांना कळणार. पोलीस येणार, कपाट उघडायला लावणार, आणि शेजारच्या मिसेस प्रोबर्टच्या खिडकीसमोरून तिन्ही रायफली घेऊन जाणार. गावभर होणार. मग परत मिळणं किती कठीण, हे त्यानं क्लबातल्या एकाचं पाहिलं होतं. माझ्याजवळ आता तेवढंच उरलंय, असं तो स्वतःला सांगे, तेवढंही गेलं तर मी कोण? म्हणून गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि गेल्या गुरुवारी, वीणा दुकानात गेली असताना, तो वरच्या लहान खोलीत कपाटासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसला होता. रायफलींना तेल द्यायचं असं स्वतःला सांगून. तेल दिलं नाही. वीणाची गाडी वाजली तेव्हा तो घामानं ओला झाला होता. खाली जाऊन त्यानं तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि फ्लॉवर स्वस्त मिळाला का असं काहीतरी विचारलं. आपण तिथं का बसलो होतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो शब्द मात्र त्यानं मनातही उच्चारला नाही.

तर असा तो शनिवार.

अवधूत पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलका. येताना चितळ्यांची बाकरवडी घेऊन आला. "काका, मला खरंच काही कळेनासं झालंय. कोणी म्हणतं एकच घे, सगळ्याला चालेल अशी. कोणी म्हणतं पाच तरी हव्यात. यूट्यूबवर तर मारामारी चाललीय."

वीणानं चहा दिला. चहा झाला आणि वर जाण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

कमलाकरनं कपाट उघडलं. किल्ल्या कुठं असतात ते घरात त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. कायदाच तसा आहे. ज्याच्या नावावर सर्टिफिकेट, किल्लीही त्याचीच. अवधूतला त्यानं दाराबाहेर थांबवलं, मग आत घेतलं. तिन्ही रायफली ओळीनं उभ्या होत्या, स्वच्छ.

आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. कमलाकर बोलू लागला. इतक्या महिन्यांत दोन वाक्यं जोडताना दमणारा माणूस, पण हा विषय त्याच्या तोंडात असा मुरला होता की शब्द आपोआप येत गेले. जणू दुसराच कुणी बोलत होता आणि तो ऐकत होता.

"रायफल आधी निवडायची नाही. आधी जमीन. तुला परमिशन कुठल्या रानाची मिळतेय, तिथं काय आहे, ससे की हरणं, मागं टेकडी आहे की सपाट. गोळी चुकली तर ती मातीत जायला हवी. मागं माती नसेल तर जगातली उत्तम रायफल असली तरी ट्रिगर ओढायचा नाही. पोलीसही तेच विचारतील."

"बरं."

"मग ही. टू-टू. सगळे हिला पोरखेळ समजतात आणि पहिल्यांदा मोठी घेतात. चूक. मोठीच्या धक्क्यानं माणूस डोळे मिटायला शिकतो आणि ती सवय जन्मात जात नाही. वर्षभर हिच्यावर काढ. ससा मारता आला म्हणजे हरीण मारता येईल, उलटं होत नाही."

"आणि मधली?"

"मधली तुझी नेहमीची. दहातली आठ कामं हीच करते. हिला निवडताना कंपनी बघू नकोस, खांद्याला लावून बघ. डोळे मिटून खांद्याला लावायची आणि मग उघडायचे. दुर्बिणीतून सरळ दिसलं तर ती तुझी. मान वाकवावी लागली तर ठेव परत. आणि दुर्बीण चांगली घे, रायफल साधी चालेल. संध्याकाळी शेवटच्या उजेडात हरीण बाहेर येतं, तेव्हा काच कामाला येते."

"थ्री-ओ-एट लागेलच का?"

"नाही. मला लागली, मी स्कॉटलंडला जातो. जात होतो." तो थांबला. "मोठं जनावर असेल तर मोठी गोळी, कारण जखमी होऊन पळालं तर ते पाप आपलं. तुझ्या रानात नसतील तर घेऊ नकोस. कपाटात पोकळी राहिली तर राहू दे. पोकळी भरण्यासाठी म्हणून कधी रायफल आणू नये."

अवधूत भारावून ऐकत होता. त्यानं फोनवर टिपून घेतलं, एक-दोनदा रायफल खांद्याला लावून पाहिली. मग फोन खिशात टाकला आणि खिडकीतून बाहेर बघत, आवाज उतरवून म्हणाला, "काका, एक विचारू? देविकाला सांगू नका."

"विचार."

"अर्जात आरोग्याचं विचारलंय. डिप्रेशन वगैरे. मागं व्हिसाचं अडकलं होतं, आई तिकडं आजारी, मी इकडं. तेव्हा काही महिने मी गोळ्या घेतल्या. आता ठीक आहे. ऑनलाइन लोक म्हणतात, लिहूच नकोस, उगाच नकार येईल. तुम्ही डॉक्टर आहात, यातले आहात. काय करू? लपवू?"

कमलाकरच्या हातात टू-फोर-थ्री होती. ती कपाटात ठेवायला हात पुढं झाला होता, तो तसाच राहिला.

"लिही," तो म्हणाला.

"पण मग दिलं नाही तर?"

"देतील, नाहीतर नाही देणार. तू डॉक्टरकडे गेलास, गोळ्या घेतल्यास, बरा झालास, हे ते बघतात. पण लपवलंस..." पुढचं वाक्य त्याला येत होतं. शेकडो वेळा त्यानं क्लबात नव्या माणसांना ते सांगितलं होतं: जो लपवतो त्याच्या हातात बंदूक नको. ते तोंडातून निघेना. त्यानं रायफल ठेवली, कपाट बंद केलं, दोन्ही कुलपं लावली, आणि किल्ली कुलपातून काढताना ती हातातून निसटून खाली पडली.

अवधूतनं ती उचलून दिली. "काका, बरं आहे ना?"

"रात्री झोप नाही झाली. चल, काकूनं जेवण केलंय."

जेवताना वीणा आणि अवधूत बोलत होते. हरणाचं सुकं मटण होतं, फ्रीजरमधलं शेवटचं. अवधूत दोनदा वाढून घेऊन म्हणाला, अशी चव कोल्हापुरातही मिळणार नाही. कमलाकरनं भाकरीचे तुकडे करून ताटात इकडचे तिकडे केले. वीणा ते पाहत होती. ती हे महिनोन्महिने पाहत होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्म काढलेली बाई, रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते तिला न सांगता कळे. पण विचारायचा धीर होत नव्हता. विचारलं आणि ते हो म्हणाले तर?

अवधूत गेला. वीणा दार लावून वळली तर कमलाकर जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसला होता.

"वीणा, इथं बस."

ती त्याच्याशेजारी बसली. जिना अरुंद, दोघांचे खांदे भिंतीला आणि कठड्याला टेकले.

"मला बरं नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"तसं नाही. गुरुवारी तू बाहेर गेलीस तेव्हा मी वर कपाटासमोर जाऊन बसलो होतो."

वीणाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. हिवाळ्यातली दुपार, दारावरच्या काचेतून राखाडी उजेड येत होता. तिनं त्याचा हात धरला, मनगटाजवळ, घट्ट, नाडी बघावी तसा.

"बसला होतात आणि?"

"आणि तुझी गाडी आली."

एवढंच. वीणाच्या मनात काय काय येऊन गेलं ते तिलाच माहीत. फ्लॉवर घ्यायला गेले होते, रांग मोठी असती तर, वाटेत मिसेस प्रोबर्ट भेटली असती तर. ती रडली नाही.

"किल्ली माझ्याकडे द्या."

"तुझ्याकडे चालत नाही. सर्टिफिकेट तुझ्या नावावर नाही. तो गुन्हा होतो, तुझ्यावर केस होईल."

"अहो, काय बोलताय तुम्ही?"

"खरं तेच बोलतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. जीव जायची वेळ आली तरी हा माणूस नियम सांगतोय. मग तिच्या ध्यानात आलं की याला धरायला आता एवढीच दोरी शिल्लक आहे, नियमाची, आणि तिनं तीच धरली.

"मग नियमानं काय चालतं ते सांगा. आत्ता, या घटकेला काय चालतं?"

"बंदुकांच्या डीलरकडे ठेवता येतात. ह्यूकडे. त्याच्याकडे लायसन्स आहे."

"दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"वीणा, एकदा दिल्या की..." त्याचा आवाज फुटला. "परत येणार नाहीत. मी पुन्हा कधी तिथं जाणार नाही. माझ्याकडे दुसरं काहीच नाही गं."

"मी आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती, राग होता. "मी आहे आणि देविका आहे. तुमच्या त्या तीन लोखंडाच्या कांबी राहतील आणि तुम्ही नाही राहणार, असं चालेल का मला? उठा."

तो उठेना. टू-टू तरी ठेवू, तो म्हणाला. तिच्यानं काय होतंय. मग म्हणाला, सोमवारी नेऊ, आज शनिवार, गर्दी असेल. मग म्हणाला, मी तुला उगाच घाबरवलं, तसं काही नव्हतं, नुसता बसलो होतो. आजवर ज्या-ज्या पेशंटनं त्याला थापा मारल्या, त्यांची सगळी वाक्यं त्याच्या तोंडून एकामागून एक येत होती आणि त्याला ती ओळखू येत होती. वीणा प्रत्येकाला एकच उत्तर देत होती, "उठा."

शेवटी तो उठला.

रायफली त्यानंच काढल्या, ती दारात उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या खोलीत त्या कपाटाकडे सरळ बघत होती. त्यानं तिन्हींचे बोल्ट काढले आणि रायफली खोळींत घातल्या. बोल्ट नसला की रायफल म्हणजे नुसती नळी. ते तीन बोल्ट तिनं त्याच्या हातातून घेतले आणि पर्समध्ये टाकले.

"हेही कायद्यात बसत नाही," तो म्हणाला.

"तुम्ही शेजारीच बसणार आहात. आणि पकडलंच तर पकडू दे."

गाडी तिनं चालवली. डोंगरावरून ढग खाली उतरले होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या मेंढ्या. कमलाकर पाय जवळ घेऊन बसला होता, लहान मुलासारखा. एका वळणावर एमरिसच्या शेताचं फाटक येतं. तिथं त्यानं मान दुसरीकडे वळवली.

ह्यूचं दुकान बाजारगावात, चर्चच्या मागच्या गल्लीत. ह्यू उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत त्यानं या दोघांना मागच्या खोलीत बसवलं. मग आला, खोळींकडे बघितलं, कमलाकरकडे बघितलं.

"सर्व्हिसिंग, डॉक?"

"नाही. ठेवायच्यात."

"किती दिवस?"

वीणा म्हणाली, "आम्हाला माहीत नाही."

ह्यूनं मान हलवली. सर्टिफिकेट मागून घेतलं, नंबर ताडून पाहिले, पावती लिहू लागला. लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाला, "माझ्याकडे आत्ता अशा पाच जणांच्या आहेत. दोन शेतकरी, एक तर पोलीसच. मी कुणाला का विचारत नाही." पेन ठेवलं आणि पुढं म्हणाला, "माझ्या भावाच्या वेळी कुणी आणून दिल्या नाहीत."

वीणानं पर्स उघडून ते तीन बोल्ट टेबलावर ठेवले. ह्यूनं तिच्याकडे पाहिलं आणि ते उचलून घेतले. रायफली तो आत घेऊन गेला, एक-एक करून, दोन्ही हातांनी. तिसऱ्या खेपेला कमलाकर रडू लागला. आवाज न करता, खुर्चीत वाकून. ह्यू आतच थांबला, बराच वेळ बाहेर आला नाही.

गाडीत बसून वीणानं एकशे अकराला फोन लावला आणि दोन दाबलं. मानसिक त्रासासाठी इथं तसंच करतात. एका बाईचा आवाज आला. वीणानं फोन कमलाकरच्या कानाला लावला आणि म्हणाली, "सांगा." गुरुवारचं त्यानं त्या अनोळखी बाईला सांगितलं. या वेळी तो शब्दही उच्चारला. वीणा स्टिअरिंग धरून समोर चर्चच्या भिंतीकडे बघत ते ऐकत होती. तिची बोटं पांढरी पडली होती.

सोमवारी जीपी. तरुण पोरगी होती, त्याच्या देविकाएवढी. तिनं सगळं शांतपणे ऐकलं, औषध सुरू केलं, आणि म्हणाली, "डॉक्टर निकम, तुम्हाला माहीत आहे मला हे कळवावं लागेल." तो म्हणाला, "माहीत आहे." देविका त्याच दिवशी ब्रिस्टलहून आली. दारातच तिनं त्याला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा, तू मला का नाही सांगितला?" कुणीच तिला दुरुस्त केलं नाही.

त्यानंतरचे आठवडे फार वाईट गेले. औषध लागू पडायला वेळ लागतो, हे त्यानं शिकवण्याइतक्या वेळा ऐकलं होतं. पण बिछान्यात तोंड भिंतीकडे करून पडलेल्या माणसाला ते सांगून उपयोग नसतो. वीणा त्याला एकटं सोडत नसे. ती बाजारात जाई तेव्हा एमरिस येऊन बसे. म्हातारा खुर्चीत बसून मेंढ्यांचे भाव सांगत राही, कमलाकर ऐको न ऐको. एकदा तो म्हणाला, "तू दार लावून घेत होतास तेव्हा मला वाटलं, माझं काही चुकलं." कमलाकरला मान वर करून त्याला उत्तर द्यायची इच्छा होती. ते त्याला जमलं नाही.

पोलिसांकडून बाई आली ती जानेवारीत. साध्या कपड्यांत, साध्या गाडीतून. मिसेस प्रोबर्टच्या पडद्यामागं काही हललं नाही. सर्टिफिकेट रद्द करण्यापेक्षा तुम्ही होऊन परत केलंत तर पुढं बरं दिसेल, असं तिनं सुचवलं. कमलाकरनं ते पाकिटातून काढून तिच्यासमोर ठेवलं. तिनं वर जाऊन रिकामं कपाट बघितलं.

"पुन्हा अर्ज करता येईल?" त्यानं विचारलं.

"करता येईल. बरे व्हा, बरे राहा, मग करा. मिळेल असं मी सांगू शकत नाही."

"आणि त्या तीन?"

"डीलर विकू शकतो, किंवा ठेवू शकतो. ते तुम्ही ठरवा."

त्यानं ठरवलं नाही. अवधूतनं दोनदा निरोप पाठवला होता, त्याचा अर्ज अजून अडकलाय म्हणून. खरं लिहिलं होतं त्यानं. कमलाकरनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. देईन म्हणत होता. काही दिवस बरे जात, दाढी होई, बागेपर्यंत फेरी होई. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यासारखं, आणि पहिल्यापेक्षा वाईट वाटे, कारण मधला दिवस बरा गेलेला असे. ह्यूच्या मागच्या खोलीत आपल्या तिघी उभ्या आहेत हे त्याला सारखं आठवे. आणि त्या घरात नाहीत हे आठवून वीणा रात्री झोपू शके, हेही त्याला आता कळत होतं.

ती पोलीस बाई गेल्यावर वीणानं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय खाणार? पिठलं टाकू?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

तिनं टाकलं. लसणाची फोडणी बसली तशी खिडकीच्या काचेवर वाफ धरली. तो येऊन टेबलाशी बसला. अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी तिनं आपल्या ताटात घेतली आणि ती दोघं बाहेर पडणाऱ्या पावसाकडे बघत बसून राहिली.